स्वस्त गाडीचा खरा हिशेब
जुन्या फॉर्च्युनरची किंमत निम्म्यावर आली, तरी तिचा खर्च निम्मा होत नाही. महिन्याला १,५०० किलोमीटर धाव आणि लिटरला १० किलोमीटर सरासरी धरल्यास १५० लिटर डिझेल लागते. ९० रुपये दराने १३,५०० रुपये. टायर, क्लच, सस्पेन्शन आणि विमा निराळे. इंजिन दणकट असले, तरी सर्व्हिसच्या नोंदी तपासाव्यात. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असल्यास फॉर्म ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याविना पूर्ण रक्कम देऊ नये. वर्षातून दोनदा सहकुटुंब तीर्थयात्रेला जाण्यासाठी भाड्याची गाडी पुरेशी असते. दुकानाचे खेळते भांडवल दारात उभे करणे हा व्यवहार नव्हे. गरजेपुरताच संग्रह, हीच अपरिग्रहाची शिकवण.