पडद्यावरच्या अक्षरांचे लेयर

हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'ची (१९५९) श्रेयनामावली आजही थांबवून थांबवून पाहावी अशी आहे. हिरव्या पडद्यावर तिरप्या रेषा धावत येतात, त्यांच्या उतारावरून नावं सरकत जागेवर बसतात आणि बघता बघता त्याच रेषांतून न्यूयॉर्कमधल्या एका काचेच्या इमारतीचा दर्शनी भाग उमटतो. ग्राफिक डिझायनर सॉल बासचं हे काम. रेषा, अक्षरं, इमारत असे सगळे थर तेव्हा फिल्मवरच एकावर एक चढवावे लागत. एक थर चुकला की पुन्हा शूटिंग, पुन्हा लॅब.

'स्टार वॉर्स'मध्ये (१९७७) दूर अवकाशात जाणारा पिवळा मजकूरही खराखुरा होता. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षरं मांडून त्यांच्यावरून कॅमेरा सावकाश लांबवर नेला होता. पुढच्याच वर्षी 'सुपरमॅन'ची नावं प्रकाशाच्या शेपट्या सोडत प्रेक्षकांच्या अंगावर आली.

मग जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या 'कोसा' या छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी आफ्टर इफेक्ट्स हे सॉफ्टवेअर आणलं. त्याच वर्षी ते आल्डसकडे गेलं आणि १९९४ मध्ये अडोबीकडे. प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर, प्रत्येक लेयरला टाइमलाइनवर कीफ्रेम, म्हणजे हालचाल कुठे बदलते त्या खुणा. थर तेच राहिले, पण चूक दुरुस्त करणं कमालीचं स्वस्त झालं. खरी क्रांती ही होती. गंमत म्हणजे त्या दशकातली भरपूर अनुकरण झालेली श्रेयनामावली, काइल कूपरची 'सेव्हन' (१९९५), फिल्मवर हाताने ओरखडलेल्या अक्षरांची होती. पुढे कितीतरी जणांनी तो खरखरीतपणा सॉफ्टवेअरमध्ये गिरवला.

२००३ च्या सहाव्या आवृत्तीत मजकुराला स्वतःचा लेयर आणि अक्षरं हलवणारी 'ॲनिमेटर' ही साधनं मिळाली. एकेक अक्षर वेगळं हलवणं तेव्हापासून सोपं झालं. आज कोणत्याही एडिटिंग रूममध्ये दिसणारी एक साधी युक्ती घ्या: शीर्षकाच्या लेयरच्या दोन प्रती काढायच्या, खालच्या दोन्हींना वेगळे रंग आणि थोडा ब्लर द्यायचा आणि प्रत्येक प्रत तीन-तीन फ्रेम उशिरा सोडायची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हा उशीर सेकंदाच्या साधारण आठव्या भागाइतका. तेवढ्यावरच सपाट शब्दाला खोली येते.

देवनागरीचं गाडं मात्र इथेच अडलं. सॉफ्टवेअरच्या लेखी अक्षर म्हणजे एक सुटा कोड. 'किल्ला' लिहिलं की जुन्या आवृत्त्यांत वेलांटी 'क'च्या उजवीकडे जाई आणि 'ल्ल'चं जोडाक्षर फुटून मध्ये पायमोडका 'ल्' उभा राही. म्हणून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वर्षानुवर्षं चालले. त्यात शब्द दिसे बरोबर, पण ॲनिमेशन लावताच आधी एकटी वेलांटी उडत येई आणि मागून 'क'. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे. कंटाळून लोक इलस्ट्रेटरमध्ये शब्द लिहीत, त्याच्या आउटलाइन करीत आणि एकेक अक्षर कापून वेगळ्या लेयरवर आणीत. मराठी मालिकांच्या आणि वाहिन्यांच्या शीर्षकांमागे अशी किती मुकाट मेहनत आहे, याची दखल कुणी घेतलेली नाही. ती घ्यायला हवी.

पुढे दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन आलं, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने 'मुक्त' आणि 'बलू'सारखे युनिकोड फॉन्ट मोफत उपलब्ध करून दिले आणि जोडाक्षरं शाबूत राहू लागली. तरी रोमन लिपीसाठी बनवलेले तयार टेम्प्लेट मराठी शब्दाला जसेच्या तसे चिकटवण्याची सवय सुटलेली नाही, आणि त्याचे परिणाम पडद्यावर रोज दिसतात.

मराठी शीर्षक करणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. टेम्प्लेट वापरायचंच असेल तर ॲनिमेटरमध्ये 'कॅरेक्टर्स'ऐवजी 'वर्ड्स' निवडावं. आणि अक्षरं सुटी करायचीच असतील, तर शिरोरेषेला तिचा स्वतंत्र लेयर द्यावा.