लघवीत सापडणारं प्लास्टिक

डबाबंद अन्नातून, कडक प्लास्टिकच्या बाटलीतून, एटीएमच्या गुळगुळीत पावतीवरूनसुद्धा बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, हे प्लास्टिक बनवताना वापरलं जाणारं रसायन आपल्या अंगात जाऊ शकतं. किती जातं, हे लघवीवरून कळतं. यकृत त्याला पाण्यात विरघळणारं रूप देतं आणि बहुतेक सगळं एका दिवसात बाहेर पडतं. अमेरिकेच्या सीडीसीने 2003-04 मध्ये सहा वर्षं आणि त्यावरच्या 2,517 जणांचे नमुने तपासले, तेव्हा 93 टक्क्यांत बीपीए निघालं. इतक्या झटपट जाणारा पाहुणा इतक्या घरी भेटतो, म्हणजे तो रोज नव्याने येतोय!

येतो कुठून? हार्वर्डच्या संशोधकांनी 75 स्वयंसेवकांना पाच दिवस रोज डबाबंद सूप दिलं आणि मधे विश्रांती देऊन पाच दिवस ताजं. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आला: डबाबंद सूपवाल्या दिवसांत लघवीतलं बीपीए दहा पटींहूनही जास्त. डब्याच्या आतल्या इपॉक्सी लेपावर संशय होताच. मला हा प्रयोग भलताच आवडतो. कसली महागडी युक्ती नाही, फक्त सूप.

मात्र एका नमुन्यावरून एका माणसाचा निवाडा करू नये. जेवणानंतर आकडा चढतो, भरपूर पाणी प्यायलं की उतरतो. पाण्यामुळे पडणारा हा फरक लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाशी तुलना करून दुरुस्त करतात. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांचं दुखणं आणखी वेगळं. ती रसायनं प्रयोगशाळेच्या नळ्यांतूनही नमुन्यात मिसळू शकतात. त्यामुळे मूळ रसायन सोडून, शरीराने त्याचं जे रूपांतर केलं, तेच मोजतात.