ब्रेक दाबला की विझणारा दिवा

जुनी प्रीमियर पद्मिनी घरच्या पोर्चमध्ये पुन्हा उभी करणारा माणूस आधी पत्र्यामागे लागतो. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा आणि मग रंग. इंजिनासाठी जाणते मिस्त्री अजून सापडतात. वायरिंग मात्र सगळ्यात शेवटी येतं आणि गाडी तिथेच रखडते. दिसायला नवीकोरी, सेल्फ मारल्याबरोबर सुरू होणारी, पण रात्री बाहेर काढायची सोय नाही, कारण मागचे दिवे कधी लागतात, कधी नाहीत. साताऱ्याला मामांच्या पद्मिनीचं काम करताना माझा सर्वांत जास्त वेळ याच टप्प्यावर गेला, आणि ही गाडी मला खऱ्या अर्थाने तिथेच कळली.

ही गाडी मुंबईची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट म्हणून बनत होती; १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी गाड्या मात्र गावोगावच्या बंगल्यांच्या आवारात ताडपत्रीखाली अजून उभ्या आहेत आणि त्या पुन्हा चालत्या व्हाव्यात असं वाटणारी माणसंही आहेत.

विजेच्या बाबतीत या गाडीचा मोठा गुण असा की ती सगळीच्या सगळी समजून घेता येते. कॉम्प्युटर नाही, सेन्सरांचं जाळं नाही. बारा व्होल्टची बॅटरी, जुन्या गाडीत डायनामो आणि नंतरच्या गाडीत अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, काही स्विच, काही दिवे, हॉर्न, वायपर आणि एक फ्यूज बॉक्स. पूर्ण सर्किट एका कागदावर मावतं. अडचण येते ती त्या कागदात आणि समोरच्या गाडीत पडलेल्या अंतराची. कुणी फॉग लॅम्प बसवले, कुणी टेप बसवला, कुणी रिव्हर्स हॉर्न. प्रत्येकाने हाताशी असेल त्या रंगाची वायर वापरली, जोड पिळून वर टेप गुंडाळली. त्यामुळे डॅशबोर्डखाली शिरलेली निळी वायर डिकीत लाल होऊन बाहेर येते. जुन्या वायरीचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं आणि आतलं तांबं काळं पडतं. म्हणून वायर ओळखताना रंगावर भरवसा ठेवायचा नाही. दोन्ही टोकं मीटरने तपासायची आणि मगच कागदावर रेघ ओढायची.

हत्यारं थोडीच लागतात. टेस्ट लॅम्प, साधा मल्टीमीटर, पॉलिश पेपर आणि एक लांब वायर. मात्र एक शिस्त कधी मोडायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची आणि सगळं झाल्यावर शेवटी जोडायची. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून वाहतात. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक बोटात अंगठी ठेवून काम करतात. तीच अंगठी मध्ये सापडली तर क्षणात लालबुंद होते.

मामांच्या गाडीचा मागचा डावा दिवा विचित्र वागत होता. पार्किंग लाईट लावले की तो नीट लागायचा. ब्रेकवर पाय दिला की तेजस्वी व्हायच्या ऐवजी पूर्ण विझायचा. उजवा दिवा मात्र ठणठणीत.

“बल्ब तर नवीन घातलाय रे,” मामा म्हणाले. “होल्डरच बदलून टाकू का?”

“मामा, थांबा जरा. आधी करंट कुठून जातोय ते बघू.”

या दिव्यात एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, पार्किंगसाठी ५ वॉटचं आणि ब्रेकसाठी २१ वॉटचं. दोन्हींना वीज वेगवेगळ्या वायरीने येते, परत जायची वाट मात्र एकच: बल्बची पितळी टोपी, होल्डर, होल्डरचा बोल्ट आणि तिथून गाडीचा पत्रा. पद्मिनीत निगेटिव्हची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत नेलेली नसते. बॉडीच ते काम करते, त्यालाच मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात.

आता हा अर्थ तुटला असं धरू. पार्किंगचा करंट ५ वॉटच्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येतो आणि अडतो. पण तिथून एक आडवाट मोकळी असते. तो शेजारच्या ब्रेकच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरीने मागे जातो, उजव्या दिव्याच्या ब्रेक फिलामेंटमधून पलीकडच्या अर्थला पोहोचतो. ब्रेकचं फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स एका ओमच्याही आत असतो, तर पेटलेल्या छोट्या फिलामेंटचा एकोणतीसच्या आसपास. त्यामुळे या आडवाटेने फारसं काही अडत नाही, पार्किंगचा दिवा जवळजवळ पूर्ण तेजाने लागतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ब्रेक दाबला की त्याच ब्रेकच्या वायरीत बारा व्होल्ट येतात. छोट्या फिलामेंटच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब होतो, करंट वाहायचा थांबतो आणि दिवा विझतो. म्हणजे बल्ब चांगला, स्विच चांगला, वीज आणणाऱ्या दोन्ही वायरी चांगल्या. दोष फक्त परतीच्या वाटेत.

इथे मल्टीमीटरही फसवू शकतो. होल्डर आणि बॉडी यांच्यामध्ये कंटिन्युइटी तपासली, तर मीटर ‘बीप’ वाजवतो आणि अर्थ ठीक असल्याचं सांगतो. तो बीप त्याच आडवाटेचा असतो, दोन थंड फिलामेंटमधून फिरून आलेला. शिवाय सात-आठ तारांपैकी एकच तार शिल्लक असलेली वायरही मीटरच्या किरकोळ करंटला पुरते आणि ‘बीप’ मिळतो. दिव्याचा पावणेदोन अँपिअरचा भार आला की तीच वायर हात टेकते. म्हणून अर्थ तपासायचा तो दिवा चालू ठेवून. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या धातूला. अर्थ चांगला असेल तर आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास राहतो. आमच्या दिव्याला पार्किंगवर अर्ध्या व्होल्टच्या वर दिसत होतं आणि ब्रेक दाबला की जवळपास बारा.

कारण होतं नवा रंग. होल्डर काढून रंगवलेल्या पत्र्यावर रंगाचा सुरेख, अखंड थर बसला होता. त्यावर नट आवळला, आणि रंग हा उत्तम इन्सुलेटर. जुन्या गाडीत गंज अर्थ खातो, नव्याने उभ्या केलेल्या गाडीत रंग. बोल्टच्या भोवती रुपयाच्या नाण्याएवढा भाग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून नट आवळला आणि ओल लागू नये म्हणून वर व्हॅसलीनचा हात फिरवला. आकडा खाली आला, ब्रेकचा दिवा उजव्याइतकाच तेजस्वी झाला. होल्डर बदलला असता तर तोही त्याच रंगावर बसला असता.

दुसरा दोष याच्या उलट जातीचा होता. तिथे वीज नको त्या वाटेने बॉडीत उतरत होती. हॉर्नचा फ्यूज घालावा आणि तो उडावा. अशा वेळी लोक फ्यूजच्या जागी सरळ जाड तार घालतात. ते करू नये. फ्यूज उडाला नाही तर वायर जळते, आणि वायर गालिच्याखालून, पेट्रोलच्या नळीजवळून गेलेली असते. यासाठी जुने वायरिंगवाले एक युक्ती वापरतात. फ्यूज काढून त्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडायचा आणि त्या फ्यूजवरची बाकी उपकरणं सोडवून ठेवायची. शॉर्ट आहे तोवर बल्ब झगझगीत पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर काहीच जाऊ देत नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. मग हार्नेस हाताने वीतभर वीतभर हलवत पुढे जायचं. मामा बल्बवर नजर ठेवून उभे होते. फायरवॉलच्या भोकाजवळ वायर उचलली आणि ते ओरडले, “गेला! गेला!” तिथलं रबरी ग्रोमेट रंगकामात काढलेलं होतं आणि पत्र्याच्या धारदार कडेने वायरीचं कातडं कापलं होतं.

फ्यूज बॉक्सची मात्र नुसती साफसफाई पुरली. या गाडीचे फ्यूज निमुळत्या टोकांचे, उघड्या पट्टीचे, पितळी चिमट्यात अडकवलेले असतात. चिमट्यावर काळपट थर चढला की फ्यूज शाबूत असूनही करंट अडतो. फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवला की उपकरण चालू होतं, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. तो थर घासून काढला नाही तर पावसाळ्यात तीच तक्रार परत येते.

वायरिंगच्या कामात माझा आग्रह इथेच आहे. दिवा लागला म्हणजे दोष गेला असं धरू नये. तो का लागत नव्हता, हे सांगता आलं पाहिजे आणि मीटरवर दाखवता आलं पाहिजे. आपोआप नाहीसा झालेला दोष घाटात, रात्री, मागे ट्रक असताना परत येतो. बल्ब, होल्डर, स्विच एकामागून एक बदलत गेलं तर पैसे जातात आणि पद्मिनीचे मूळ भागही जातात. ते आता सहज मिळत नाहीत.

म्हणून ज्यांची गाडी अजून रंगायची आहे त्यांना एक सांगणं. पत्रा उघडा असतानाच अर्थचा प्रत्येक बोल्ट शोधा, त्याचा फोटो काढा, आणि रंगाऱ्याला तेवढी जागा मास्किंग टेपने झाकायला लावा. काढलेलं प्रत्येक ग्रोमेट पिशवीत घालून वर त्याची जागा लिहा. आणि काम संपल्यावर, गाडीत आज प्रत्यक्षात जे सर्किट आहे ते बदललेल्या रंगांसकट स्वच्छ काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. मामांच्या गाडीत ते ठेवलं आहे. पुढे तिचं बॉनेट जो कोणी उघडेल, त्याला आमच्यासारखं अंधारात चाचपडावं लागणार नाही.