शेततळ्यात मोटर कुठे ठेवावी?

अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी आणि संगमनेरचे पठार इथल्या फळबागांना उन्हाळ्यात शेततळ्यांचाच आधार असतो. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि 30 बाय 30 मीटर लांबी-रुंदीचे, 3 मीटर खोल तळे हे माप घरोघरी ठाऊक झाले. अशा तळ्यात 2,196 घनमीटर, म्हणजे साधारण 22 लाख लिटर पाणी मावते. एवढे पाणी महिनोन्‌महिने उभे असताना त्यात कटला, रोहू, मृगळ सोडावेत असे कोणालाही वाटणारच. मग विचारले जाते, पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर किती एचपीचा घ्यावा? माझ्या मते त्याआधी मोटर पाणी कुठून ओढणार आणि कुठे, कोणत्या दिशेला टाकणार हे ठरले पाहिजे. त्याचे उत्तर चुकले तर एचपी वाढवून फक्त बिल वाढते.

कारण पाण्याच्या थरांत आहे. ऊन वरचे पाणी तापवते आणि तापलेले पाणी हलके होते. 25 अंश आणि 30 अंश तापमानाच्या एकेका घनमीटर पाण्याच्या वजनात साधारण 1.4 किलोचा फरक असतो. दिसायला तो किरकोळ आहे, पण वरचे पाणी खाली जाऊ नये इतका पुरेसा आहे. वरच्या थरात शेवाळ दिवसभर प्राणवायू तयार करते. तळाशी विष्ठा, उरलेले खाद्य आणि मेलेले शेवाळ कुजत तो संपवत राहतात. उभ्या पाण्यातून प्राणवायू आपोआप खाली झिरपेल म्हणावे, तर एक मीटर उतरायलाही त्याला काही वर्षे लागतील. माशांच्या जाती तर आपण थर धरूनच निवडतो : कटला वर चरतो, रोहू मध्ये आणि मृगळ तळाशी. तळाला प्राणवायू नसेल तर मृगळाची जागा रिकामी पडते, तिन्ही जाती वर गर्दी करतात आणि तीन थरांचा हिशेब कागदावरच राहतो.

बाजारात मिळणारा चाकाचा एअरेटर मुळात मीटर-दीड मीटर खोलीच्या कोळंबीच्या तळ्यांसाठी रुळला. तिथे तो तळापर्यंत पाणी हलवतो. आपल्या 3 मीटरच्या तळ्यात तो वरचे पाणी उडवत राहतो, फेस छान दिसतो आणि तळ तसाच राहतो. म्हणून इथे खरे काम पाणबुडी मोटरने करायला हवे : तळाजवळचे पाणी उचलायचे आणि काठाला समांतर, पृष्ठभागाच्या जरा वरून टाकायचे. समांतर अशासाठी की चौकोनी तळ्याचे कोपरे ही मेलेली जागा असते. पाण्याचा झोत मध्यभागी मारला तर तो तिथेच विरतो. काठाने सोडला तर सगळे पाणी सावकाश गोल फिरू लागते आणि चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मधोमध जमते तसा गाळ मध्याकडे सरकतो. नदीच्या वळणांचा विचार करताना आइनस्टाइन यांनी 1926 मध्ये हेच कारण मांडले होते : तळाला घासणारे पाणी मंदावते आणि आत वळते. गाळ मध्याकडे येणार असेल तर मोटरही मध्याजवळ, तळापासून दीडेक फूट वर टांगलेली हवी. दोन मोटरी असतील तर त्यांचे झोत समोरासमोरच्या काठांवरून असे सोडावेत की दोन्ही पाणी एकाच फेऱ्यात ढकलतील. प्रवाळ पाळणारे आपल्या काचेच्या टाकीत मुद्दाम उलट करतात. ते दोन पंपांचे झोत एकमेकांवर आदळवतात, कारण प्रवाळ जागचा हलत नाही आणि त्याला सर्व बाजूंनी पाणी लागते. तळ्यात तसे केले तर दोन मोटरी एकमेकींची मेहनत खाऊन टाकतात.

यावर शेतकरी रास्त हरकत घेतात की तळचे पाणी ओढले तर ठिबकच्या नळ्या तुंबतील. म्हणूनच ठिबकची मोटर ड्रमवर तरंगती ठेवण्याची पद्धत पडली. पण त्यामुळे वरचे चांगले पाणी शेतात जाते आणि माशांना तळचे वाईट पाणी उरते. सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर नीट धुतले जात असतील तर तळापासून दोन-तीन फूट वरचे पाणी ठिबकला चालते आणि त्यातले खत पिकालाच मिळते. फिल्टर धुण्याचे काम वाढते, हे मात्र मान्य करायला हवे. भरणीच्या पाइपाकडेही असेच दुर्लक्ष होते. विहिरीचे, त्यातही बोअरचे पाणी प्राणवायूला पारखे असते. ते उंचावरून, पसरून पडू द्यावे आणि भरणीचे तोंड उपशाच्या विरुद्ध कोपऱ्यात असावे. सोयीसाठी दोन्ही एकाच कोपऱ्यात ठेवले तर आलेले पाणी लगेच बाहेर जाते आणि बाकीचे तळे जागचे हलत नाही.

दुसरा आक्षेप विजेचा. प्राणवायू सर्वांत कमी असतो पहाटे, आणि शेतीला आता दिवसा वीज देण्याकडे कल आहे. सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक तर आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला आहे. मग दिवसा मोटर चालवून काय मिळणार? पुष्कळ मिळते. दुपारी वरचे पाणी प्राणवायूने इतके भरलेले असते की जास्तीचा हवेत निघून जातो. त्या वेळी चाक फिरवले तर तो आणखी वेगाने उडतो. तळचे पाणी वर आणले तर ते प्राणवायू घेते, वरचे खाली सरकते आणि रात्रीची शिदोरी साठते. तासाला 25 हजार लिटर उचलणारी मोटर घ्या. तळचा एक मीटर थर सुमारे सव्वासहा लाख लिटरचा असतो. तो उलटायला 25 तास लागतील, म्हणजे रोजच्या आठ तासांच्या विजेवर तीन-चार दिवस. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे रोजचे काम कितीतरी स्वस्त पडते. चाक मात्र विकून टाकू नका. आषाढ-श्रावणात सलग ढगाळ दिवस आले की शेवाळ पुरेसा प्राणवायू करत नाही, तेव्हा पहाटे चाक लागतेच आणि त्यासाठी जनरेटरची सोय हवी.

महिनोन्‌महिने न हललेले तळे मात्र एकदम ढवळू नये. तळचे सडके पाणी एका दिवसात वर आले तर अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइडने मासे मरतात. म्हणून मोटर मत्स्यबीज सोडण्याआधीपासूनच रोज चालू असावी. झोत तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या उतारावर आदळू देऊ नये, कारण सांधे तिथेच उकलतात. आणि कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. कुंपण आणि काठावरून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर यांवाचून तळ्यात यंत्र बसवूच नये. मोटर काढायची-लावायची असेल तेव्हा आधी वीज बंद करावी. यंदा नवे तळे खोदणाऱ्यांनी भरणी कुठल्या कोपऱ्यात, उपसा कुठे आणि झोत कोणत्या काठाने हे कागद अंथरण्याआधीच ठरवावे. मोटर नंतरही सरकवता येते, पण पाइपासाठी कागदाला पाडलेले भोक पुन्हा पहिल्यासारखे बुजत नाही.