मेलवर आलेली हिशोबपट्टी उघडत नसेल तर हे वाचा



कांद्याची हिशोबपट्टी मेलवर पाठवली, पण बऱ्याच जणांना पीडीएफ मिळालीच नाही. तिच्या जागी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाईल आली. ती दाबली तरी काही उघडत नाही. तुमचा फोन बिघडलेला नाही, चूक आपल्या ऑफिसची आहे.

झालं असं, की ऑफिसचे मेल आऊटलुकमधून जातात. मेल 'रिच टेक्स्ट' प्रकारात गेला, की आऊटलुक मजकुराची मांडणी आणि जोडलेली पीडीएफ एकाच पोत्यात भरून तोंड शिवून टाकतं. समोरही आऊटलुक असेल तर ते पोतं बरोबर उसवतं. फोनमधल्या बऱ्याच मेल ॲपना ते जमत नाही. म्हणून काहींना पट्टी दिसली, काहींना नाही.

आता ऑफिसच्या आऊटलुकमध्ये 'एचटीएमएल' ठेवलंय. मेल सर्व्हरवरही बाहेरच्या पत्त्यांना रिच टेक्स्ट कधीच जाऊ नये अशी सेटिंग केली आहे. पण आधी गेलेले मेल त्याने सुधारत नाहीत, म्हणून सगळ्यांना पट्टी नव्याने पाठवतोय. जुना मेल खुशाल डिलीट करा.

*ती फाईल उघडायला म्हणून कुणी एपीके पाठवली तर अजिबात इन्स्टॉल करू नका.* सरकारी योजनेच्या नावाने अशा एपीके व्हॉट्सॲपवर फिरल्या आहेत. त्या ओटीपी चोरतात, मग खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. कंपनीकडून एपीके कधीच येणार नाही.

आता तुमच्याकडून येणाऱ्या कागदांचं. डिजिटल सहीचा सातबारा असेल तर डाउनलोड केलेली पीडीएफ आहे तशीच पाठवा. प्रिंट काढून तिचा फोटो पाठवला की ती सही कॉम्प्युटरवर तपासता येत नाही, आणि पुन्हा हेलपाटा. आयफोनवाल्यांचे फोटो 'एचईआयसी' प्रकारात येतात, ते आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. आधीच काढलेले फोटो मात्र त्याने बदलत नाहीत, कागदाचा फोटो नव्याने काढावा लागेल.

नवी पट्टी आली की वजन, हमाली, तोलाई आणि खाते नंबर नीट बघा. फरक असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, सोमवारी पेमेंटची यादी बँकेत जाते. ज्यांना मेल जमत नाही त्यांना छापील पट्टी ऑफिसमध्ये मिळेल.