कोंबडी खुडूक का बसते? उत्तर तिच्या मेंदूत आहे

गावाकडं कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, खुडूक कोंबडी ते लांबूनच ओळखतात. खुराड्याच्या कोपऱ्यात ती फुगून बसते. दाणापाण्याला दिवसातून एखाद-दोनदाच उठते. जवळ हात नेला की चोच मारते. अंडी घालणं तर बंदच होतं. मग कुणी तिला पाण्यात बुचकळतं, कुणी नाकात पीस खुपसतं.

पण ही कोंबडी आजारी नसते आणि हट्टीही नसते. तिचा मेंदू दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुकं असतात. फरक पडतो तो कोणतं जनुक कधी आणि किती काम करतं यानं. घरात दिवे सगळ्या खोल्यांत असतात, पण लागतात गरजेप्रमाणे, तसंच हे.

घरट्यात अंडी साठली आणि त्यांचा स्पर्श पोटाला होत राहिला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये एक दिवा लागतो. तिथल्या पेशी 'व्हीआयपी' नावाचा रासायनिक संदेश जास्त प्रमाणात तयार करू लागतात. हा संदेश पिट्युटरी ग्रंथीला पोहोचतो आणि ती प्रोलॅक्टिन सोडते. बाळंतपणानंतर आईला दूध येण्यासाठी लागणारं हार्मोन ते हेच.

कोंबडीत प्रोलॅक्टिन वाढलं की अंडाशय आक्रसतं आणि अंडी थांबतात. पोटाखालची पिसं गळतात, त्यामुळे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. २१ दिवसांनी पिल्लं बाहेर आली की प्रोलॅक्टिन उतरतं. पिल्लं जरा मोठी झाली की कोंबडी पुन्हा अंड्यावर येते.

यात व्हीआयपीचा हात किती मोठा आहे, हे टर्कीवरच्या प्रयोगांत दिसलं. माद्यांना व्हीआयपीविरुद्ध लस टोचली, तेव्हा त्यांचं खुडूक बसणं कमी झालं.

मग पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी खुडूक का होत नाही? ती बहुतेक व्हाइट लेगहॉर्न वंशाची असते. खुडूक न बसणाऱ्या, सतत अंडी देणाऱ्या कोंबड्याच माणसानं पिढ्यानपिढ्या निवडल्या. उबवणीचं काम यंत्राकडं गेलं. आज अशी कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. प्रोलॅक्टिनचं जनुक तिच्यातही आहे, पण अंड्यांच्या स्पर्शानं तो दिवा आता सहसा लागत नाही.

तुमच्या घरची कोंबडी खुडूक झाली आणि पिल्लं नको असतील, तर तिला छळू नका. अंडी रोज उचला. तिला घरट्यापासून दूर, उजेडाच्या आणि हवेशीर जागी, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवा. दाणापाणी भरपूर द्या. पोटाखालचा ऊबदार स्पर्श संपला की प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं.

आणि पिल्लं हवी असतील तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. विजेशिवाय चालणारं, अंडी स्वतःच फिरवणारं आणि नंतर पिल्लांना दाणे टिपायला शिकवणारं उबवणी यंत्र तुमच्या खुराड्यातच बसलेलं आहे.