गरीब साप

डिंडोलीतल्या एका ओळखीच्या घरी वरच्या मजल्यावर दोन काचेच्या पेट्या आहेत. एकीत आफ्रिकेतला बॉल पायथन, दुसरीत दक्षिण अमेरिकेतला बोआ. घर मूळचं नंदुरबारकडचं, सुरतेत येऊन दोन पिढ्या झाल्या. धाकटा नातू डाइंग मिलमध्ये हिशेब बघतो आणि उरलेला वेळ या दोन पेट्यांपाशी घालवतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने बॉल पायथन काढून माझ्या ओंजळीत ठेवला. दारात उभ्या असलेल्या आजी मला धीर देत म्हणाल्या, "गरीब शे बिचारा."

गाय गरीब असते, शेजारचं पोर गरीब असतं, तसाच हाही गरीब. न मारणारा, न चावणारा, मुकाट्याने सगळं करून घेणारा, हे सगळं आपण या एका शब्दात बसवतो. माझ्या ओंजळीत तेव्हा एक घट्ट गोळा होता, मोठ्या नारळाएवढा. काळसर तपकिरी अंगावर पिवळट ठिपके. डोकं कुठेच दिसत नव्हतं. वेटोळ्यांच्या फटीतून खूप वाकून पाहिलं तेव्हा आत नाकाचं टोक दिसलं. तळहातांना त्याचा श्वास कळत होता: अंग हळूच फुगायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा फुगायचं. असा तो दहा-बारा मिनिटं होता. मग फटीतून जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. वीसेक मिनिटांनी एक वेटोळं सैल पडलं.

"आता कुठे तो शांत झाला, काका," नातू म्हणाला. "इतका वेळ घाबरलेला होता."

बॉल पायथन पाळायला सगळ्यात सोपा, नवख्याने यालाच घ्यावं, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते ज्या कारणासाठी सांगतात ते कारण चुकीचं आहे. हा साप चावत नाही तो माणसाचा लळा लागला म्हणून नव्हे. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेच्या पट्ट्यात तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो आणि रात्री बाहेर पडतो. अंगाने आखूड नि जाड, फार तर चार-पाच फूट. पळून जाणं त्याला जमत नाही. संकट आलं की डोकं मधोमध घेऊन स्वतःचा चेंडू करायचा, एवढंच त्याला येतं. म्हणून तर नाव बॉल. हातात घेतल्यावर तो जे करतो ते कोल्हा किंवा मुंगूस समोर आल्यावरही करेल. आपण त्याला गरीब म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या भीतीलाच गरीब म्हणत असतो.

बोआची गोष्ट वेगळी. नातवाने पेटीचं झाकण सरकवलं आणि आधी लोखंडी हुकाने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श केला. ही सवय त्याने मुद्दाम लावली आहे. हुक लागला म्हणजे आज जेवण नाही, नुसतं बाहेर निघायचं आहे, हे सापाला एव्हाना ठाऊक झालं आहे. नाहीतर बोआ पेटी उघडली की उंदीरच आला असं धरून चालतो आणि आधी तोंड टाकतो, हात आहे की उंदीर हे नंतर बघतो. पाळलेल्या बोआचे बरेचसे चावे असे जेवणाच्या भरात बसतात, रागाने नाही.

बाहेर आल्यावर मात्र त्याने गोळा केला नाही. शेपटीने माझं मनगट धरलं आणि पुढचं अंग दंडावरून वर, खांद्याकडे, तिथून छताच्या पंख्याच्या दिशेने निघालं. ती पकड लहान मूल गर्दीत बोट धरतं तशी होती, आवळणारी नव्हे, आधार शोधणारी. बोआ झाडांवर चढणारा साप, विशेषतः लहान वयात. माणूस त्याच्या लेखी एक हलणारी फांदी. फांदी पक्की वाटली तर तो निवांत फिरतो, डळमळली तर आवळतो. मी चटकन हात खाली केला आणि त्याने तोंड मिटूनच असा फुत्कार टाकला की कुकरची शिट्टी व्हायच्या आधीचा आवाज आठवला. मी थांबलो, तोही थांबला.

अनुभवी माणसाला बोआ सांभाळायला बरा वाटतो तो यामुळेच. तो नाराज असला की फुत्कारतो, मानेचा इंग्रजी एस करून मागे सरतो. बॉल पायथन यातलं फारसं काही करत नाही. त्याची नाराजी ओळखायला त्याच्या अंगाचा ताठरपणा हाताला कळावा लागतो, मान किती आत ओढली आहे ते बघावं लागतं. पण बोआ मोठा होतो हेही तितकंच खरं. सहा-सात फूट सहज, काही नऊ-दहा फुटांपर्यंत. एवढ्या सापाला एकट्याने पेटीबाहेर काढायचं नाही, घरात दुसरं जाणतं माणूस हवंच. बॉल पायथनसाठी ही अट कोणी घालत नाही.

हाताळायचे नियम दोघांना सारखेच लागू पडतात. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये, कारण घार आणि घुबड वरूनच येतात. बाजूने जावं, अंगाच्या मध्याखाली हात घालावा आणि सगळं वजन तोलून धरावं. उंदराला लावलेला हात धुतल्याशिवाय पेटीत घालू नये. जेवणानंतर किमान दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर गिळलेलं बाहेर येतं आणि त्यातून साप दगावूही शकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि तो बिथरतो. आणि चावलाच, तर ओढायचं नाही. दोघांचेही दात आतल्या बाजूला वळलेले असतात, हिसका दिला तर कातडी फाटते. तोंडावर गार पाणी सोडलं की बहुधा पकड सुटते. विष नाही, पण जखम धुवायला हवी. सापाला हाताळून झाल्यावर साबणाने हात धुणं तर रोजचंच, कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात तान्हं मूल असेल तर याबाबत अजिबात ढिलाई नको.

विळख्याबद्दल आपल्याकडे जुना समज आहे की भक्ष्य गुदमरून मरतं. अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजचे स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बोआच्या विळख्यातल्या उंदरांचा रक्तदाब आणि हृदयाची गती मोजली. काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं असं दिसलं, श्वास कोंडण्यापर्यंत वेळच येत नाही. त्याआधी २०१२ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. भक्ष्याच्या हृदयाचे ठोके बोआला अंगाने जाणवतात आणि ते थांबले की तो विळखा सैल करतो. ठोके ओळखू शकणाऱ्या जनावराला मनगटावर धरलेलं असताना आपली छाती धडधडत असली, तर ते त्याच्यापासून फार लपत असेल असं मला वाटत नाही. माणूस घाबरला की सापही बिघडतो असं जुनी माणसं म्हणत, त्यात काहीतरी असावं.

दोघे नात्याने दूरचे. बॉल पायथन अंडी घालतो, मादी त्यांच्याभोवती वेटोळं करून बसते. बोआची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. पायथनच्या ओठांवरच्या खवल्यांत उष्णता ओळखणारे खड्डे असतात, अंधारातही त्याला गरम रक्ताचा उंदीर कळतो. बोआला असे खड्डे दिसत नाहीत, तरी त्याच्या ओठांना उष्णता जाणवते. आपल्या भाषेत मात्र दोघेही अजगरच. अज म्हणजे बकरा, तो गिळणारा तो अजगर. शब्दातच धाक भरलेला, त्यामुळे नारळाएवढा गोळा होऊन बसलेला भित्रा प्राणी आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही.

सुरतेत यांना सांभाळणं पुस्तकात लिहिलं आहे तितकं सरळ नाही. पेटीची एक बाजू बत्तीस-तेहेतीस अंश गरम लागते, दुसरी पंचवीस-सव्वीस. उन्हाळ्यात हीटर बंद ठेवूनही खोली तापते आणि नातू पेट्या खालच्या मजल्यावर आणतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा एवढा की पेटीतली माती सुकत नाही आणि पोटाखालचे खवले सडू लागतात. उत्तरायणाच्या सुमाराला, रात्री थंडावल्या की बॉल पायथन जेवण सोडतो, कधी कधी दोन-तीन महिने. निरोगी, वजनदार साप असेल तर यात घाबरण्यासारखं नसतं, पण पहिल्या वर्षी नातवाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारी लूमचं खातं आहे. रात्रपाळीला माग सुरू झाले की जमीन बारीक थरथरत राहते. सापाला जबड्यातून जमिनीची थरथर कळते. पेट्या जमिनीवरून उचलून जाड फोमवर ठेवल्या तेव्हा बॉल पायथन पुन्हा खायला लागला. बोआला त्या थरथरीचं काहीच वाटलं नव्हतं.

हे सगळं किती वर्षं करायचं, हा हिशेब घेताना कोणी मांडत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात २०२० मध्ये एका बॉल पायथन मादीने सात अंडी घातली. तिचं वय तेव्हा किमान ६२ होतं, आणि दोन दशकांत तिच्या जवळपास नर फिरकलेला नव्हता. घरात तीस वर्षं तर सहज निघतात. पंचविशीतल्या पोराने आणलेला साप त्याच्या मुलांच्या लग्नापर्यंत असू शकतो.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करणं बंधनकारक केलं. नातवाने नोंद केली आहे, तो कागद त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवला आहे. पण सगळेच साप असे येत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांमधून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. बिस्किटाच्या पुड्यात घालता येतो तो तोच, जो धडपडत नाही, फुत्कारत नाही, मुकाट गोळा होऊन पडून राहतो. त्याच्या गरीबपणाचा इतका वाईट उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता, आपल्या मांडुळाची गोष्ट सोडली तर.

मांडूळ हे बोआच्याच गोतावळ्यातलं. गुजराती शेजारी त्याला आंधळी चाकळण म्हणतात. शेपूट डोक्यासारखं बोथट, म्हणून दुतोंड्या. सहा महिने एका तोंडाने चालतं, सहा महिने दुसऱ्या, ही समजूत खानदेशातून सुरतेपर्यंत सगळीकडे आहे. संकट आलं की ते डोकं वेटोळ्यांखाली लपवतं आणि शेपूट वर धरतं, शत्रूने तिकडे चावावं म्हणून. चावत जवळजवळ नाहीच. गुप्तधन दाखवतं, नशीब उघडतं, औषधाला लागतं, असल्या थापांवर त्याचे लाखांनी सौदे ठरतात. या थापांमध्ये काडीचंही तथ्य नाही, आणि १९७२ च्या कायद्याने त्याला पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. त्याचा भाऊ डुरक्या घोणस मात्र झटक्यात वळून चावतो, त्याच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. दोघेही बिनविषारी, दोघेही शेतातले उंदीर खाणारे. एक चावतो म्हणून बराच वाचतो, दुसरं चावत नाही म्हणून पोत्यात जातं.

इथे एक गोष्ट जिवाच्या कळकळीने सांगायची आहे. परदेशी साप हाताळायला शिकलेल्या पोरांना शेतात अंगावर गोल ठिपके असलेला जाड, आखूड साप दिसला की अजगराचं पिल्लू किंवा डुरक्या वाटतो आणि ते हात घालतात. तो घोणस असू शकतो. घोणस बराच वेळ नुसता पडून राहतो, अगदी गरीब वाटतो, आणि त्याच्या एका चाव्याने माणूस जातो. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ सापांबरोबर, त्यातले बहुतेक विषारी, ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना दाखवायचं होतं. पण ते प्रत्येक साप ओळखून होते. ओळख पक्की नसेल तर सर्पमित्राला फोन करावा आणि चार पावलं मागे उभं राहावं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही तसाच फोन केला. नातवाच्या गल्लीमागे इमारतीचा पाया खणत होते, तिथे मांडूळ निघालं. सर्पमित्र येईपर्यंत तीस-चाळीस माणसं जमली. कोणीतरी वजनकाट्याचं नाव काढलं, कोणीतरी फोनवर कोणाला तरी किंमत विचारत होतं. नातू खड्ड्याच्या काठावर पाय रोवून उभा राहिला आणि कोणाला खाली उतरू दिलं नाही. सर्पमित्राने साप उचलला. लालसर तपकिरी, गुळगुळीत, हातभर. त्याने लगेच डोकं आत घेतलं आणि बोथट शेपूट वर धरलं. शेपटीवर जुन्या चाव्यांचे पांढुरके व्रण होते.

"काका, हा आपल्यासारखाच करतोय," नातू म्हणाला. आपला म्हणजे पेटीतला.

वनखात्याला कळवून, त्यांच्या माणसाबरोबर संध्याकाळी तापीच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून लांब ते सोडलं. पिशवीतून वाळूवर ठेवलं तेव्हाही ते गोळा होऊनच होतं. आम्ही मागे सरकून बसलो. अंधार पडायला लागला, वनरक्षकाने दोनदा घड्याळ पाहिलं. मग शेपूट हळूच खाली आलं, खालून डोकं निघालं, जीभ दोनदा बाहेर आली आणि साप तिरका वाळूत शिरला. वरची वाळू काही वेळ हलत राहिली.